पहिली उचल

रत्नागिरी,
फाल्गुन शुद्ध एकादशी, शके १८५२

प्रिय जनी,

चारचौघांत मी तुला वयनी म्हणते, पण कागदावर कोण ऐकतंय? इथे तू माझी अलोऱ्याची जनीच. हे पत्र सोनूबाईच्या टोपलीतून येतंय. तिची लेक तुमच्या मालगुंडात दिलेली, तिच्याकडे ती शिमग्याला निघाली आहे. सुक्या बांगड्यांच्या शेजारी ठेवलं असणार, तेव्हा वास आला तर मला शिव्या घालू नकोस. हातातलं काम टाक आणि आधी हे वाच. वाचून होईपर्यंत सोनूबाईला सोडू नकोस, आणि तिला काही विचारूही नकोस. मी तिला देवीची शपथ घातली आहे. ती शपथ तिच्या पोटात किती वेळ टिकेल ते तुला ठाऊक आहे, म्हणून लवकर वाच.

बातमी अशी की हवालदारला विकायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे ह्यांनी ठरवलंय, आणि ह्यांनी ठरवलंय म्हणजे नेमकं काय झालंय ते मला अजून कळलेलं नाही. घाटावरचा एक व्यापारी शिमगा झाला की येणार आहे. तो हवालदारला चुन्याच्या घाणीला जुंपणार. डोळ्यांना झापड बांधायची आणि दिवसभर गोल गोल फिरवायचं. आपला हवालदार गो! ज्याने सगळा बंदर रस्ता पायाखाली घातला, तो घोडा एका खुंटाभोवती फिरणार. मी ह्यांना म्हटलं, त्यापेक्षा मला जुंपा. तर म्हणाले, "तू लवकर दमशील." हे थट्टेने बोलले की रागाने तेही मला कळलं नाही. हल्ली मला कशातलंच काही कळेनासं झालंय.

तू म्हणशील, काशी पहिल्यापासूनच गोंधळी. खरं आहे. पण तेव्हा तू शेजारी होतीस. जात्यावर दोघी समोरासमोर बसलो की निम्मा गोंधळ दळणातच निघून जायचा. आता एकटी दळते. खुंटा अर्ध्या फेऱ्यापर्यंत नेते आणि मग हात आपोआप सैल सोडते, पुढचा अर्धा फेरा तू ओढशील म्हणून. दोन वर्षं झाली, तरी सवय जात नाही. वाटणीच्या वेळी पंचांना जात्याची आठवण झाली नाही हे नशीबच. नाहीतर वरची तळी तुला आणि खालची मला देऊन मोकळे झाले असते.

तुला आठवतं का, हे घोडे आले तेव्हा मला घरात येऊन महिनाही झाला नव्हता? आप्पा बेळगावला बैल आणायला म्हणून गेले होते. आपल्या सासऱ्यांचं हे असंच, कोयता आणायला जायचे आणि पितळी घंगाळ घेऊन यायचे. तिकडे पलटणीतल्या जनावरांचा लिलाव चालला होता. लढाई संपली, तोफा ओढायचं काम संपलं, म्हणून सरकार घोडे विकत होतं. आप्पा दोन घेऊन आले. आंब्याचा घाट उतरून चालत चालत आणले. सगळी वाडी गडग्यावर चढून बघत होती. आपल्याकडे कोणी पाहिलेत गो असले घोडे? टांग्याची तट्टं तेवढी माहीत. या घोड्यांचे खूर परातीएवढे, छाती दाराएवढी, आणि कातळावरून चालले की नालांखाली ठिणग्या उडायच्या. तू मला चिडवायचीस, काशीने आंदण म्हणून आणलेत, आता चंदी तिच्याच बापाकडून मागवा. मी मात्र पहिले चार दिवस मागल्या दारानेच जा-ये करत होते.

आणि मग तो जू घालण्याचा प्रकार! आजही आठवला की हसू येतं आणि वाईटही वाटतं. आपल्या माणसांना बैल माहीत, म्हणून आप्पांनी बैलाचं जू आणून त्यांच्या मानेवर ठेवलं. बैलाला वशिंड असतं, जू तिथे अडतं. घोड्याला कुठलं वशिंड? जू घसरून नरड्याशी आलं, दोघांचा श्वास कोंडला, खोकायला लागले. वाडीतल्या प्रत्येकाने आपापली अक्कल पाजळली. कोणी म्हणालं जू हलकं करा, कोणी म्हणालं नजर लागली, नारळ फोडा. आप्पांनी नारळ फोडला. शेवटी दापोलीचे महिपतनाना आले म्हणून निभावलं. तोफखान्यातले पेन्शनर, त्यांच्या भाचीकडे आले होते. ते पाहून एवढे हसले की पडवीतच बसले. म्हणाले, "आप्पा, घोडा मानेनं ओढत नाही, छातीनं नि खांद्यानं ओढतो." मग चांभाराकडून काथ्या ठासून भरलेली गळ्यातली जाड कडी शिवून घेतली. नावंही नानांनीच ठेवली. डाव्या अंगाचा सुभेदार, उजव्या अंगाचा हवालदार. आणि एकेका घोड्यामागे एकेक भाऊ लावून दिला. सुभेदार तुझ्या घरच्यांचा, भावोजींचा, आणि हवालदार आमच्या ह्यांचा. ज्याचा घोडा त्यानेच खरारा करायचा, चंदी चारायची, नाल ठोकून घ्यायचे.

त्यातून पुढे काय निघणार हे तेव्हा कोणाला सुचलं होतं? तेव्हा सगळं गोडच होतं. बंदरात मालाने भरलेला पडाव लागला की आपली चौचाकी गाडी आधी उभी. मंगळुरी कौलं, लोखंडाच्या तुळया, सिमेंटची पिंपं, सगळं माळनाक्यापर्यंत चढवायचं. बैलांच्या जोड्या अर्ध्या चढणीवर फेस गाळत बसायच्या, आणि आपले दोघे संथपणे, माना खाली घालून, त्यांच्या बाजूने वर निघून जायचे. घाई नाही, गडबड नाही. आप्पा म्हणायचे, बैल जोर करतो, हे नुसते चालतात आणि गाडी त्यांच्यामागून येते. चढणीच्या पायथ्याशी गाडी थांबवायची, घोड्यांना दम खाऊ द्यायचा, आणि मग भावोजी डाव्या अंगाला उभे राहून हाक मारायचे, "सुभेदार, उचल!" ती हाक संपते न संपते तोच उजवीकडून ह्यांची हाक यायची, "हवालदार, धर!" आपल्याला स्वयंपाकघरात बसून ऐकू यायची ती. ती ऐकली की तू भाताला आधण ठेवायचीस, कारण तिथून गाडी रिकामी करून घरी यायला तेवढाच वेळ लागायचा.

भातगिरणीचा बॉयलर आला तो दिवस तू विसरली नसशीलच. बैलांच्या किती जोड्या लावल्या असतील, मी मोजल्या नाहीत, पण तो लोखंडी राक्षस बंदरावरून हलेना. मग आप्पांना बोलावणं आलं. अर्धं गाव चढणीच्या दोन्ही बाजूंना उभं. आपण दोघी पाखाडीच्या वरच्या पायरीवर पदर तोंडाशी धरून. वळणावर गाडी अडकली. भावोजींनी हाक मारली आणि सुभेदार जवळजवळ गुडघ्यांवर आला गो! मागचे पाय रोवले, पोट जमिनीला लागतंय की काय असं वाटलं, आणि गाडी कुरकुरत हलली. लोकांनी एकच गलका केला. सुभेदारचा जोर तिथे संपला होता, त्याच्या मांड्या थरथरत होत्या. पण तोवर हवालदारने गाडी धरली होती. त्याने मान खाली घातली ती माळनाक्यापर्यंत वर केली नाही. एक पाऊल, मग दुसरं पाऊल, बस्स. वर पोचल्यावर आप्पांनी दोघांच्याही गळ्यात हार घातले आणि दोघांनीही एकमेकांचे हार खाल्ले.

त्या संध्याकाळी पडवीत लोक जमले होते. आपण चहाचे कप देऊन देऊन थकलो. तेव्हा त्यांच्यातला एक कोणीतरी, मेल्याचं नावही आता आठवत नाही, सहज म्हणाला, "पण काय हो, दोघांत जास्त ओढलं कुणी?" बस्स. एवढंच. भावोजी म्हणाले, अर्थात सुभेदारने, त्याने हलवलीच नसती तर पुढचं काय? हे म्हणाले, हलवून काय उपयोग, वर कोणी नेली? सगळे हसले. आपणही हसलो. मला वाटलं थट्टा चालली आहे. थट्टा कधी संपली आणि भांडण कधी सुरू झालं ते तुला कळलं होतं का? मला नाही कळलं. पुढे रोज जेवताना तेच. तुझा नुसता चालतो, माझा ओढतो. तुझा एक झटका देतो आणि झोपतो, दिवसभर मरतो तो माझा. नंतर नंतर घोड्यांची नावंही येईनाशी झाली. तू एक झटका देतोस, मी दिवसभर मरतो, असं सुरू झालं. आप्पा होते तोवर "गपा रे" म्हणायचे. आप्पा गेले आणि गपा म्हणणारं कोणी उरलं नाही.

त्या वाटणीबद्दल मी आजवर तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही, पण आज बोलते. आपल्या रत्नागिरीची माणसं शहाणी खरी, पण वाटणीला बसली की त्यांना काय होतं देव जाणे. फणसाच्या झाडाच्या फांद्या वाटतील, विहिरीच्या पाण्याचे प्रहर वाटतील. आपल्या पंचांनी तर जोडीतला एक घोडा एकाला, एक दुसऱ्याला दिला, आणि कोणालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. बरोब्बर निम्मं निम्मं झालं म्हणून पंच खूश! गाडी तेवढी राहिली. तर शिवा सुताराला बोलावून ती मधोमध करवतली. मागची मोठी चाकं तुम्हाला, पुढची लहान चाकं आम्हाला. शिवा करवत चालवताना मान हलवत होता. मी पडवीच्या खांबाआडून बघत होते आणि तू आतून. आपली नजरानजर झाली तेव्हा तू पदरात तोंड खुपसलंस. तू हसत होतीस की रडत होतीस? मी दोन वर्षं विचार करतेय. मी स्वतः तेव्हा काय करत होते तेही मला सांगता येणार नाही.

मग ते शेवटचं. तुम्ही सामान भरून निघालात तेव्हा भावोजी अंगणात उभे राहून म्हणाले, "आजपासून तुला हाक मारणार नाही." आणि आमच्या ह्यांनी उत्तर दिलं, "हाक मारल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही." झालं. दोघांनाही वाटलं आपण जिंकलो. तुम्ही पाणंदीतून वळलात तरी सुभेदार मागे वळून खिंकाळत होता, आणि इथे हवालदारने दावं तोडलं.

त्यानंतरचं तुला कोणी सांगितलं असेल-नसेल, मी सांगते. दोघं मिळून चौचाकी गाडी भरून न्यायचे, तर एकट्याने निदान निम्मी न्यावी की नाही? पाव गाडीही नेत नाही. पहिल्या दिवशी दोन दांड्यांमध्ये उभा केला तर तो रस्त्याच्या उजव्या कडेने चालायला लागला. डावीकडे अख्ख्या घोड्याची जागा सोडून! चाक गटारात गेलं. हे त्याला मध्ये ओढतात, तो पुन्हा उजवीकडे. सगळे गडगे घासून झाले. लोक म्हणतात, हवालदार आंधळा झाला. आंधळा कसला? त्याला दिसतंय म्हणूनच तो जागा सोडतो, असं मला वाटतं. किंवा दिसत नाही म्हणून सोडतो. मला नीट सांगता येत नाही, पण तुला कळेल.

आणि चढण आली की पायथ्याशी उभा राहतो. हे "धर, धर" म्हणून घसा कोरडा करतात. तो जागचा हलत नाही. डावा कान तेवढा डावीकडे वळवून ठेवतो आणि वाट बघतो. माणसांनी मागून गाडी ढकलून एकदा हलवून दिली की मग वरपर्यंत नेतो, कुठे थांबायचं नाव नाही. दम अजून तोच आहे गो. फक्त पहिली उचल त्याच्याकडे नाही. कधी नव्हतीच. आपण इतकी वर्षं पाहत होतो आणि कोणाला दिसलं नाही. मागे सोनूबाई तुमच्याकडून आली तेव्हा तिने सुभेदारचं सांगितलं. म्हणाली, तो एक झटका देऊन गाडी हलवतो आणि मग उजवीकडे वळून बघत उभा राहतो, पुढे म्हणून जात नाही, आणि भावोजी त्याच्यापाशी खाली मान घालून बसून राहतात. तिने हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. मी आत जाऊन चुलीपाशी बसले. मग आता मला सांग, जास्त ओढायचा कोण? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. सकाळी वाटतं भावोजींचं खरं, संध्याकाळी वाटतं ह्यांचं. कधी वाटतं दोघंही खोटं बोलत होते आणि दोघांचंही खरं होतं. असं असू शकतं का? तू चौथी पास, मी तिसरीतच शाळा सोडली.

ह्यांचंही काही वेगळं नाही. आधी भावोजी पहाटे "सखाराम, ऊठ रे" म्हणून ओरडायचे आणि हे शिव्या घालत उठायचे. आता हाक मारायला कोणी नाही तर शिव्याही नाहीत. अंथरुणात जागे पडून आढ्याकडे बघत राहतात. मी उठवलं की उठतात, एकदा कामाला लागले की दिवस मावळेपर्यंत थांबत नाहीत, पण सुरुवात म्हणून होत नाही. मागल्या पावसाळ्याआधी मांगराचं छप्पर शाकारायचं होतं. पेंढा आणला, सुंभ आणलं, आणि तो ढीग पुढ्यात घेऊन बसून राहिले. शेवटी मीच शिडीवर चढले, तेव्हा धावत आले. मी त्यांच्याशी भांडते, चिडवते, नको नको ते बोलते. पण एकदा ह्यांनी हवालदारवर चाबूक उगारला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मग तो चाबूक आपल्याच हाताने विहिरीत टाकून आले. त्या दिवसापासून मी भांडणं कमी केलंय. मला भीती वाटते जनी. कसली ते नीटसं सांगता येत नाही, पण वाटते.

गेल्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. कौलांची गाडी चढणीशी अडली होती, ढकलायला माणसं नव्हती, म्हणून बाबल्या गडी मला बोलवायला आला. मी गेले. हे उजव्या अंगाला उभे, घामाने चिंब. मला काय सुचलं कोण जाणे, मी डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले, जिथे भावोजी उभे राहायचे तिथे, आणि भर रस्त्यात ओरडले, "सुभेदार, उचल!" माझा आवाज केवढासा! दुकानांतली माणसं बाहेर येऊन हसायला लागली. पण हवालदारने कान टवकारला. अंगावर काटा आल्यासारखी कातडी थरथरवली, एक पाय उचलला, डावीकडे वळून पाहिलं, तर तिथे मी. त्याने पाय परत खाली ठेवला. मी शरमेने मेले. ह्यांच्याकडे बघितलं तर हे हसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग मुंडाशाचं टोक तोंडावर धरून दुसरीकडे वळले, आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याला होकार कळवला. आता बोल! जो माणूस भर बाजारात हुंदके देतो तोच दुसऱ्या दिवशी घोडा विकतो. मी विचारलं तर म्हणाले, "खातो दोघांचं, ओढतो अर्ध्याचं, काय करू?" नंतर संध्याकाळी आपणहून म्हणाले, तिकडे घाणीला निदान त्याला कोणाची वाट बघावी लागणार नाही, डोळे बांधलेले असतील. म्हणजे हे त्याच्यावर दया करतायत की सूड घेतायत? मी रात्रभर कूस बदलत राहिले, तरी उमगलं नाही.

आणि काल काय झालं ते ऐक, कारण त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले. काल दुपारी हे जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, "विकण्याआधी एकदा घोड्याला घोडा दाखवून आणतो." मी म्हटलं, कुठे? तर भातात बघत म्हणाले, मालगुंडला. मी वाढत होते ती आमटी ताटाबाहेर सांडली. घोड्याला घोडा दाखवायचा आहे की ह्यांना स्वतःलाच कोणाला बघायचं आहे, हे मला विचारू नकोस. त्यांनाही माहीत नाही. मी फक्त म्हटलं, बरं, ओहोटी बघून खाडी ओलांडा. मग माजघरात जाऊन हा कागद काढला. एवढं काय लिहितेस म्हणून ह्यांनी विचारलं, तर मी सांगितलं, वयनीकडून पापडाच्या पिठाचं प्रमाण मागवतेय. "दोघींना पापडाशिवाय काही सुचत नाही," म्हणाले.

म्हणजे जनी, सोनूबाई एकटी आलेली नाही. हे तिच्या मागोमाग आलेत, हवालदारला घेऊन. तुमच्या गडग्याच्या खाली, पाणंदीच्या तोंडाशी उंडीचं झाड आहे असं सोनूबाई म्हणते, तिथे उभे असतील. आत येणार नाहीत. हाक मारल्याशिवाय दारात पाय ठेवणार नाही म्हणाले होते ना. आणि आपणहून हाकही मारणार नाहीत, ते त्यांच्याने होत नाही, आता तुला सांगायला नको. थोडा वेळ उभे राहतील, घोड्याला पाणी पाजायला थांबलो होतो असं स्वतःशी म्हणतील आणि परत फिरतील. मग शिमगा होईल, आणि तो व्यापारी येईल. हे मी पत्राच्या पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं. बिचारे दोघे एवढा वेळ उन्हात उभे राहिले. पण काय करू, मलाही पहिली उचल कुठे जमते? आता हा कागद खाली ठेव. सुभेदार दाव्याला हिसके द्यायला लागला असेल, त्याला एव्हाना वास लागला असणार. भावोजी कुठे असतील तिथून त्यांना अंगणात आण. त्यांनी मला काय वाटेल ते बोलावं, मी ऐकून घेईन. कोणाचं खरं आणि कोणी जास्त ओढलं ते मला कळलेलं नाही आणि आता कळायलाही नको. त्यांना फक्त अंगणात उभं राहून एकदा, पूर्वीसारखं मोठ्याने, "उचल" म्हणायला सांग. "धर" म्हणणारा खाली उभा आहे.

अर्धा फेरा फिरवून तुझी वाट बघणारी,
तुझीच
काशी